झाली किती, जगली किती

आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना मुलं किती, असं विचारलं की त्या दोन आकडे सांगत. झाली इतकी, जगली इतकी. सांगताना आवाज हलत नसे. पेणच्या आमच्या आळीत घरोघरी हे दोन आकडे होते, आणि रोह्याला आत्याकडे गेलं तरी शेजारपाजारी तेच. मधला फरक म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, देवी, हगवण, आणि बाळंतिणीच्या खोलीत आठवडाभरातच बाळाला गाठणारा धनुर्वात. आज त्याच आळीतल्या तरुण आईला हा प्रश्न विचारला, तर तो कशासाठी विचारला हेच तिला कळणार नाही. तिच्याकडे एकच आकडा आहे.

मानवी विकास म्हणजे काय, असं कुणी मला थोडक्यात विचारलं तर मी हेच सांगते. दोन आकड्यांचा एक आकडा झाला, तो मानवी विकास. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

मी ज्या पेणबद्दल बोलते आहे ते कुलाबा जिल्ह्यातलं. 'रायगड' हे नाव जिल्ह्याला १९८१ साली मिळालं. मुंबईला जायचं तर धरमतरच्या बाजूने लाँचने भाऊच्या धक्क्यावर, नाहीतर एस.टी.ने पनवेलचा वळसा घालून. गावात पोह्याच्या भट्ट्यांचा खमंग वास, भाद्रपदाच्या आधी शाडूचे गोळे, आणि उन्हाळाभर दारोदारी पापडाच्या लाट्या. रोहं त्याहून शांत. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, पलीकडे अष्टमी. भरतीचं पाणी वर चढलं की नदी फुगलेली दिसायची. आत्याच्या घरून दहा पावलांवर घाट होता. धुणं, गप्पा, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सासू कशी, सगळं त्या घाटावर. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघायची, पोलीस सलामी द्यायचे, आणि आम्ही मुलं त्या गर्दीत रात्रभर जागे. पालखी आजही तशीच निघते, सलामीही तशीच होते.

या आठवणी गोड आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पण त्या सांगायला उरलो ते आम्ही 'जगली इतकी' या आकड्यातले, हे मी विसरू शकत नाही. आमच्याच बरोबरीची जी घाटावर कधी आलीच नाहीत, त्यांच्या वाट्याला आठवण नाही. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या माणसांवर मी म्हणूनच रागावते. देवी काढायला माणूस यायचा तेव्हा बायका पोरांना माळ्यावर लपवून ठेवायच्या. तरी त्या माणसाने हट्टाने दंड गोंदले. भारतातून देवीचा रोग १९७५ साली गेला. पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ सालचा. माझ्या दंडावर देवीचा व्रण आहे, माझ्या मुलांच्या दंडावर नाही, आणि ज्या कुणी गावोगाव पायी हिंडून हे केलं त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होतं. १९५१च्या जनगणनेत शंभरातले अठरा लोक साक्षर होते. बायका तर नऊसुद्धा नाहीत. आत्या त्यातली एक होती, म्हणजे नशीबवानच. चौथीपर्यंत शिकली, पुढे 'न्हातीधुती झाली' म्हणून दप्तर खुंटीला गेलं. तिला गणित फार छान यायचं. वाण्याची बेरीज ती उभ्या उभ्या तोंडी तपासायची आणि पैशाचीही चूक निघाली तर परत करायला लावायची. त्या डोक्याचं काय होऊ शकलं असतं, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? आत्याची नात औषधनिर्माणशास्त्र शिकली आणि आज नोकरी करते. डोकं तेच असेल. मधे फक्त एक शाळा, एक एस.टी.चा पास आणि 'मुलगी शिकली तर बिघडत नाही' हे कबूल करणारा बाप एवढंच आलं.

रोह्याचं आणखी एक डोकं मात्र वाया गेलं नाही. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६चा, महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण गेलं ते रोह्यात. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, आय.सी.एस.; १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. राजीनाम्याची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. मला त्यांच्या कामाचा दुसरा धागा अधिक मोलाचा वाटतो. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते कितीतरी वर्षं अध्यक्ष होते, आणि ते अर्थमंत्री असतानाच, १९५० साली, राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरोघरी जाऊन विचारायचं: काय खाता, काय कमावता, किती खर्च होतो. गरीब माणूस सरकारच्या वहीत आला तो असा. मोजल्याशिवाय काही सुधारत नाही, हे कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या त्या माणसाने फार लवकर ओळखलं होतं.

पण मोजायचं काय? बरीच वर्षं जग एकच गोष्ट मोजत होतं, दरडोई उत्पन्न. पोलाद किती, वीज किती, भागिले माणसं. या मोजमापाला आत्याची तोंडी बेरीज दिसत नव्हती आणि आजीचे दोन आकडेही नाहीत. पाकिस्तानचे महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन हे केंब्रिजमधले विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. हकांच्या पुढाकाराने १९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानवी विकास अहवाल निघाला, आणि त्यामागे सेन यांचा विचार होता. माणसाकडे काय आहे एवढ्यावर थांबू नका; तो काय करू शकतो, काय होऊ शकतो, ते बघा. निर्देशांक केला तो तीनच गोष्टींचा: आयुष्य किती, शिक्षण किती, आणि बरं जगता येईल इतकं उत्पन्न आहे का. सगळं मिळून शून्य आणि एक यांच्या मधला एक आकडा.

२०२५च्या अहवालात भारत १९३ देशांत १३०वा आहे, निर्देशांक ०.६८५. बांगलादेश आपल्या बरोबरीने १३०वाच. भूतान १२५, श्रीलंका ८९, चीन ७८. आइसलंड पहिला, ०.९७२, दक्षिण सुदान तळाला, ०.३८८. आइसलंडमध्ये माणूस ऐंशीच्या पुढे जगतो, दक्षिण सुदानमध्ये सरासरी साठीही गाठत नाही. म्हणजे जन्म कुठे झाला एवढ्यावरून वीसहून जास्त वर्षांचं आयुष्य मिळतं किंवा जातं. आपलं आयुर्मान १९९० साली साडेअठ्ठावन्न होतं, ते २०२३ साली ७२ झालं. ही चढण लहान नाही.

श्रीलंकेचा आकडा मला नेहमी टोचतो. २०२२ साली त्या देशाचं दिवाळं निघालं, पेट्रोलला रांगा लागल्या, लोक राष्ट्राध्यक्षाच्या घरात घुसले. तरीही मानवी विकासात तो आपल्या कितीतरी पुढे. कारण पैसा नंतर आला, शाळा आणि दवाखाने आधी आले. १९४५ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, तिथे फुकट शिक्षणाची सोय झाली, आणि मुलींनाही घरच्यांनी वर्गात बसू दिलं. आपल्याकडे मोठ्या माणसांचं सरासरी शिक्षण आजही सातवीच्या आत-बाहेर घुटमळतं.

देशादेशांतला हा फरक समजून घ्यायला पेणकरांनी फार दूर जायची गरज नाही. पेणमध्ये सिनेगॉग आहे. बेने इस्राएल, म्हणजे आपले 'शनवार तेली', शेकडो वर्षं याच गावांत राहिले. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले, घरात मराठी बोलले आणि आडनावं गावांवरून घेतली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर. माझ्या लहानपणी त्यांची घरं एकामागून एक बंद होत होती. १९४८ साली इस्राएल झालं आणि पुढच्या दोन दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली, बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोदला. एकाच मातीतली, एकाच बोलीची माणसं दोन देशांत वाटली गेली.

इस्राएल आज निर्देशांकाच्या यादीत पहिल्या तिसांत आहे. तिकडे गेलेल्यांच्या मुलांना शाळा मिळाल्या, दवाखाने मिळाले, पेन्शनी मिळाल्या. 'झाली किती, जगली किती' हा प्रश्न त्यांच्या घरातून आपल्या आधी गेला. पण गेल्या गेल्या काय झालं तेही सांगायला हवं. १९५१-५२ साली त्यातल्या काहींनी आम्हाला वाईट वागवतात, परत भारतात पाठवा म्हणून धरणं धरलं, आणि काही परत आलेसुद्धा. पुढे तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत शंका काढली, पूर्वजांची छाननी मागितली. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली, आणि १९६४ साली त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्यता मिळाली. पगार होता, घर होतं, मुलं शाळेत होती, तरी ही माणसं उपाशी बसली, कारण प्रश्न मानाचा होता. निर्देशांकाच्या तीन रकान्यांत मान बसत नाही. पेण सोडताना त्यांना कुणी हाकललं नव्हतं. ही या मातीची कमाई मी कुठल्याही आकड्याहून कमी मानत नाही. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे, आणि त्यांच्या 'मलिदा' विधीच्या ताटात गूळ-खोबऱ्याबरोबर पोहेच असतात.

आखातात गेलेल्यांची गोष्ट निराळी. रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या कित्येक मुसलमान कुटुंबांत एक तरी कमावता माणूस कुवेत, दुबई किंवा सौदीत होता. त्या पैशातून इथे पक्की घरं झाली, बहिणींची लग्नं झाली, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे मुलींची कॉलेजं झाली. पण ज्या देशात तो राबला त्या देशाच्या वरच्या क्रमांकात त्याचा वाटा किती? पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाच्या, कपाटात, बायको-मुलं इकडे, म्हातारपण इकडे. श्रीमंत देशाचं सरासरी उत्पन्न वाचताना मला हे चेहरे दिसतात.

आता आपल्याच तालुक्यांकडे. धाटावची रासायनिक वसाहत आली, नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा कारखाना आला, १९८६ साली आपट्याहून रोह्यापर्यंत रेल्वे आली, आणि पुढे कोकण रेल्वेचा आरंभही रोह्यापासूनच धरला गेला. या सगळ्याने घरं उभी राहिली, हे मी नाकारणार नाही. शेतावर अर्धपोटी राबणाऱ्याच्या मुलाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला, भविष्य निर्वाह निधी कापला जाऊ लागला. पण आत्याचा घाट ओस पडला. कुंडलिकेचं पाणी बिघडत गेलं, खाडीतली मासळी आटली, आणि जाळी टाकून जगणाऱ्यांना त्याची भरपाई कुठल्याही पगारातून मिळाली नाही. नदीत आज उन्हाळ्यातही धार असते ती भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याची. ते पाणी मुळशीच्या धरणाचं, ज्याच्याविरुद्ध १९२१ ते २४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि तरीही गावं बुडाली. कोलाडला पर्यटक त्याच धारेवर राफ्टिंग करतात.

पाण्याचं निघालंच आहे तर खारेपाटाबद्दल बोललं पाहिजे. पेणच्या पश्चिमेला वाशी, वढाव, दादर ही गावं खाडीच्या अंगाला. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन, राता भात, आणि उधाणाला बांधाला खांड गेली की शेतं तीन-तीन वर्षं खारी. पूर्वी खांड गेल्याची हाक आली की सगळं गाव चिखल आणि पेंढा घेऊन रात्री धावायचं. ती एकजूट आता कमी झाली, हे नुकसान खरं. पण पिण्याच्या पाण्याचे हाल तेव्हाही होते आणि आजही आहेत. तालुक्यात हेटवणे धरण झालं, तुडुंब भरतं, त्याचं पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जातं. आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटात एप्रिल-मेमध्ये बाया टँकरची वाट बघत हंडे लावून बसतात. पाण्यापायी तिथल्या बाईचे रोजचे जे तास जातात, ते निर्देशांकाच्या कोणत्या रकान्यात धरायचे? त्या तासांत ती शिकू शकली असती, कमवू शकली असती, निदान पाठ टेकू शकली असती.

याच गावांनी एक मोठी गोष्ट करून दाखवली आहे, जी पुरेशी सांगितली जात नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी इथली जमीन मागितली गेली तेव्हा हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं. जमीन द्यायची की नाही, हा साधा प्रश्न. म्हाताऱ्या बायका कोपऱ्याकोपऱ्यातून चालत मत द्यायला आल्या. पुढे तो प्रकल्प बारगळला. सेन ज्याला स्वातंत्र्य म्हणतात ते मला त्या रांगेत दिसलं: आपल्या आयुष्याचं काय करायचं ते आपल्याला विचारलं जाणं. माझ्या आजीला तिच्या हयातीत कुणी काही विचारलं नव्हतं, लग्नाबद्दलसुद्धा नाही.

हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत अलीकडे गेले होते. खारेपाटाच्या कडेची ही गावं, जवळजवळ प्रत्येक घरात गणपती. एक पंचविशीची मुलगी डोळ्यांची आखणी करत होती. मूर्ती मांडीशी टेकवलेली, डावा हात किरीटाला, उजव्या हाताची करंगळी गणपतीच्या गालावर रोवलेली, आणि श्वास धरून एक बारीक काळी रेघ. रेघ संपली की श्वास सोडायची आणि मगच माझ्याशी बोलायची. ग्रॅज्युएट झालेली, पैसे थेट तिच्या खात्यात, मे महिन्यातच परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम उरकलेलं. तिच्या आजीच्या वयाच्या बाया इथे फक्त माती मळायला असत, आणि हातात काही पडलंच तर ते नवऱ्याच्या. मी तिला विचारलं, पैशाचं काय करतेस? म्हणाली, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं, ताई. आता टू-व्हीलर घेणार." चार पिढ्यांत या तालुक्यात काय घडलं ते या दोन वाक्यांत आहे.

आणि काय घडलं नाही ते कातकरवाडीत. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पेणमध्येच आहे, आश्रमशाळा आहेत, घरकुलांच्या योजना आहेत. तरी दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होतात. वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको आणि पोरं भट्टीवर, काही तर पार कर्नाटकात कोळसा पाडायला. पावसाच्या तोंडावर परत येतात तेव्हा पोराचं नाव हजेरीपटावर असतं, अक्षर मात्र पुसलेलं असतं. विनोबांचा जन्म याच तालुक्यातल्या गागोद्याचा. ज्यांनी देशभर पायी फिरून भूमिहीनांसाठी जमीन मागितली त्यांच्या तालुक्यात पुष्कळ कातकऱ्यांच्या घराखालची जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर आहे. याची मला लाज वाटते. तिथल्या म्हाताऱ्या बाईला मुलं किती असं विचारा. ती अजून दोन आकडे सांगते, आणि कधीकधी तिची तरुण सूनही.

म्हणून देशांच्या क्रमांकाकडे मी एका नजरेने बघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालात लिहिलं आहे की विषमता हिशेबात धरली तर भारताचा निर्देशांक जवळजवळ ३१ टक्क्यांनी खाली येतो. ०.६८५ हा आकडा औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या नातीचा आणि भट्टीवरच्या पोराचा मिळून काढलेला आहे. खरं तर एका तालुक्यातच दोन-तीन देश आहेत, आणि त्यांच्यामधलं अंतर एस.टी.ने अर्ध्या तासाचं आहे.

पुढचा अहवाल येईल तेव्हा वर्तमानपत्रात आपला क्रमांक छापून येईल. तो वाचा. पण पेण, रोहा किंवा दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात राहत असाल, तर त्यानंतरच्या ग्रामसभेला जाऊन तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी गावात आणि वाडीवर किती बाळं दगावली, दिवाळीनंतर शाळेतली किती मुलं भट्टीवर गेली, आणि मे महिन्यात पाण्याचा टँकर किती दिवस लागला. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.